आत्याबाईंचा देवाशी सौदा

मी तिसगावात बायकांचे ब्लाऊज शिवते. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या निम्म्या बायकांची मापं माझ्या बोटांना पाठ आहेत. त्यामुळे छातीविषयी बोलायची मला लाज अशी कधी नव्हतीच, आणि जी काही थोडीफार उरली होती ती गेल्या वर्षीच्या आजारपणात गेली.

हे लिहायला मला शेजारच्या विमलताईंनी बसवलं. विमलताई विहारात बायकांची बैठक घेतात. त्यांच्या बैठकीतल्या एकीला गाठ निघाली आणि तिने घाबरून घरात कोणाला सांगितलंच नाही. विमलताई म्हणाल्या, करुणा, तू तुझं लिहून दे, मी वाचून दाखवते. मी म्हटलं, ताई, माझ्यात देव फार येईल, तुमच्या बैठकीत चालेल का? त्या म्हणाल्या, येऊ दे किती यायचा तितका, आम्ही आमचं आमचं घेऊ. तर लिहिते. पण आधीच सांगते, यात देवापेक्षा माझ्या सासूबाईच जास्त येणार आहेत.

गाठ

दिवाळीची शिलाई अंगावर होती. दारात बायका, मशीनवर ढीग, आणि माझा स्वतःचा ब्लाऊज नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी. तो अंगावर घालून बघताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, बोटाला काहीतरी लागलं. बोराएवढं, टणक, आणि दुखत मुळीच नव्हतं. दुखलं असतं तर मी घाबरले नसते.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नाव शांताबाई, पण गावात त्या बोर्डिंगच्या आजी म्हणून ओळखल्या जातात, कारण उभा जन्म त्यांनी नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक केला. रविवारी गावी येऊन इथल्या चर्चमध्ये लेकरांची शब्बाथ शाळाही त्यांनीच घेतली. आजही गावातली चाळिशीची माणसं त्यांना बघून विडी लपवतात.

मी त्यांना आत बोलावलं आणि त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला. लसणाचा वास असलेली त्यांची बोटं तिथे जरा वेळ थांबली. मग बाहेर जाऊन त्यांनी आपल्या लेकाला सांगितलं की उद्या जीपमध्ये पाथर्डीचं पॅसेंजर घ्यायचं नाही, उद्या घरचीच सवारी आहे, नगरला. लेक म्हणजे आमचे प्रकाशराव. आईचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे, त्यांनी का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

नगर

गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, कालपरवा कॉलेजातून बाहेर पडल्यासारख्या. त्यांनी कागद आमच्याकडे वळवून धरला, जणू आम्हाला त्यातलं वाचता येणार होतं. प्रकाशरावांनी विचारलं, कॅन्सरच ना? त्या हो म्हणाल्या. पुढे त्यांनी बरंच समजावून सांगितलं, लवकर कळलंय, ऑपरेशन करू, औषधं देऊ, पण त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात पाथर्डीच्या एका नवरीचे ब्लाऊज फिरत होते. अस्तर लावून झालं होतं, बाह्या बाकी होत्या. आता ते कोण शिवणार, एवढाच घोर.

खाली आलो तर प्रकाशराव खिसे चापपायला लागले, किल्ली सापडेना. किल्ली त्यांच्या हातातच होती. मग जीपमध्ये बसून त्यांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागले. डोकं नेमकं हॉर्नवर. हॉर्न वाजतोय, हे रडतायत, आणि वॉचमन पळत आला की गाडी काढा, इथं हॉर्न मना आहे. मला हसू फुटलं. मी हसते म्हटल्यावर हेही हसले, आणि तो वॉचमन आमच्याकडे बघत मागे मागे सरकला. कॅन्सर कळला त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या दारात खदाखदा हसत होतो, हे खरं आहे, आणि ज्यांच्यावर हा दिवस येईल त्यांना मी सांगते, हसू आलं तर दाबू नका.

घरी आत्याबाईंनी मटणाचा रस्सा करून ठेवला होता. आधी जेवा म्हणाल्या, काय सांगायचं ते नंतर सांगा. जेवल्यावर सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आमच्याकडे रोज संध्याकाळी घरची प्रार्थना असते, सगळ्यांचं आमेन झालं तरी त्या दिवशी आत्याबाई डोळे मिटून बसूनच राहिल्या. ओठ हलत होते. मला वाटलं माझ्यासाठी मागतायत. मागत होत्याच, पण त्याच्या बदल्यात काय देऊ करत होत्या ते मला कळायला पुढे बरेच महिने जायचे होते.

एका बाजूने

नाताळच्या आसपास ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा बघायचं धाडस मला होईना. शेवटी नर्सबाईंनी आरसा आणून धरला आणि म्हणाल्या, शिलाई बघा, तुम्हाला कळेल ती. मी बघितली. सरळ होती, टाके एकसारखे. माझ्या तोंडून निघून गेलं की फिनिशिंग चांगलं आहे. नर्सबाई हसल्या आणि मग मी रडले, पण पहिलं बघणं असं पार पडलं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. चर्चच्या बायका आल्या, प्रार्थना झाल्या, चहा झाले. त्यातल्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की करुणा, मनात एखादं पाप राहिलं असेल तर देवापुढे मोकळी हो, शिक्षा उगाच येत नाही. माझं तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "आन तुझे गुडघे धरले हायत, ते कशाची शिक्षा गं? समद्यांची शिक्षा त्यानं क्रूसावर घेतली. आता कुनाला न्हाई. शब्बाथ शाळेत काय झोपत व्हतीस का?" त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मला तेव्हा आत्याबाईंचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

लोक येत, लोक जात, पण घरात राहायचं आम्हा तिघांनाच होतं. प्रकाशराव माझ्याशी काचेच्या भांड्यासारखे वागायला लागले होते. मी उठले की उठू नको, बसले की नीट बस. एक दिवस मी ओरडले की मला छाती नाही एका बाजूची, पाय दोन्ही आहेत. ते बाहेर गेले आणि धुतलेली जीप पुन्हा धुतली. आत्याबाईंनी दोघांच्या ताटात गरम भाकरी वाढली, एवढंच.

ब्लाऊजची एक बाजू रिकामी दिसायची. दुकानात त्याची तयार वस्तू मिळते, पण ती अंगाला लागून घाम यायचा. मी स्वतःच खटपट केली. आधी कापूस भरला, तो हलका पडून वर चढायचा. मग मोहरी भरली, ती जड. शेवटी आत मूठभर मोहरी आणि वर कापूस, असं जमलं. आता माझ्याकडे तीन तालुक्यांतून बायका येतात त्यासाठी. विमलताई, हे बैठकीत नक्की वाचा, आणि सांगा की पडदा लावून माप घेते.

लाल औषध

मग केमो. दर काही आठवड्यांनी नगर. एका लांबट खोलीत ओळीने खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला नळी. त्यातल्या एका औषधाचा रंग लाल असतो, त्याला तिथे सगळ्या लाल औषधच म्हणतात. नवीन आलेली बाई घाबरली की जुन्या तिला सांगतात, घरी गेल्यावर लघवी लाल होईल, भिऊ नको. हे सांगायला डॉक्टर विसरतात, बायका विसरत नाहीत. त्या खोलीत मला जेवढ्या मैत्रिणी मिळाल्या तेवढ्या शाळेतही नव्हत्या.

पण घरी आल्यावरचे दिवस वाईट. तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा पत्र्यासारखं लागायचं. केस गेले. आत्याबाईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडून डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, आता दिसती माझ्या बोर्डिंगची पोरगी, उवा झाल्यावर असंच करायचो. मला खायला घालण्याचा त्यांनी चंगच बांधला. विमलताईंच्या कोंबड्यांची अंडी, पायाचं सूप, नाचणीची पेज, ताकातली भाकरी. दोन घास गेले की त्या टाळी वाजवायच्या, तान्ह्या पोरासाठी वाजवतात तशी.

मी भीत होते. ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. मरणापेक्षा मला या घराची भीती वाटायची, की मी गेल्यावर हे दोघं मायलेक एकमेकांसमोर न बोलता बसून राहतील. देवावर विश्वास होता, आहे. तारण झालंय हे लहानपणापासून मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि दुपारी एकटं पडलं असताना छताचे वासे मोजत राहणं वेगळं. अशा वेळी मी आत्याबाईंना हाक मारायचे. त्या येऊन पायथ्याशी बसायच्या आणि माझी पावलं चोळायच्या. त्यांचे हात थंड पडायला लागले होते. मला वाटायचं, माझेच पाय गरम आहेत.

डबा

केमो चालू असतानाच राखेचा बुधवार आला आणि लेंट लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ईस्टरच्या आधीचे हे आमचे उपवासाचे दिवस. कोणी मटण सोडतं, कोणी चहा, कोणी एक वेळचं जेवण. आमच्या चर्चमध्ये त्या वेळी घरोघर एक पत्र्याचा डबा देतात. जेवढं खायचं सोडलं तेवढं धान्य मुठीने त्या डब्यात टाकायचं. ईस्टरला सगळे डबे एकत्र करतात आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरांना ते धान्य जातं. स्वतः न खाल्लेलं दुसऱ्याच्या ताटात पोचलं पाहिजे, नुसतं उपाशी राहून देवाला काय मिळणार, हे आत्याबाईंचं शब्बाथ शाळेतलं ठरलेलं वाक्य.

आत्याबाईंना साखरेचा आजार आहे, दोन वेळच्या गोळ्या चालू असतात. म्हणून दर वर्षी त्या फक्त रात्रीची भाकरी अर्धी करायच्या आणि अर्ध्या भाकरीचे दाणे डब्यात. डबा ईस्टरपर्यंत कसाबसा भरायचा.

या वर्षी डबा अर्ध्या लेंटलाच शिगोशीग भरला. प्रकाशराव खूश. चर्चमध्ये सांगून आले की आईचा डबा भरला, दुसरा द्या. पाळकसाहेबांनी मंडळीसमोर कौतुक केलं. कोणाच्याही मनात आलं नाही की एवढं धान्य आलं कुठून. लेंटच्या दिवसांत आमच्यात कोणी कमी जेवलं तर आम्ही त्याला काय झालंय असं विचारत नाही, शाबास म्हणतो. तिथे आम्ही सगळेच फसलो. आणि आत्याबाईंचा खरेपणा बघा, सोडलेला घास न् घास त्या डब्यात टाकत होत्या. एका दाण्याची लबाडी नाही.

पांढरा ब्लाऊज

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, झावळ्यांच्या रविवारनंतर, आत्याबाई पांढरं कापड घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, साधा ब्लाऊज शिव, जमंल तवा, घाई न्हाई. मला आनंद झाला. माझ्या अंगात जरा ताकद आली होती, आजारानंतरचं पहिलं काम घरचंच, चांगला शकुन म्हटलं. टेप काढला. त्या म्हणाल्या, माप कशाला, आंदाजानं शिव, सैल झाला तरी चालतंय.

मी म्हटलं, अंदाजाने शिवायला मी काय गोणपाट शिवते का? ओढूनच उभं केलं. टेप फिरवला. टेप दर वर्षी जिथे यायचा त्याच्या कितीतरी आत येऊन बसला. दंडाला जुन्या मापावर टेप धरला तर आत माझी दोन बोटं जातील एवढी जागा उरली. पदराखाली काही शिल्लकच नव्हतं. आणि मी रोज त्या बाईला समोर बघत होते, लुगड्याच्या घोळात मला दिसलं नाही. मी माझ्याच अंगाकडे बघण्यात गुंतले होते.

मी विचारलं, आत्याबाई, गोळ्या घेताय ना? त्या माझ्या खुणा करायच्या खडूशी खेळत राहिल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, त्या फक्त गप्प बसतात. मी टेप टाकून त्यांच्या पेटीजवळ गेले. गोळ्यांची पाकिटं तशीच्या तशी, दिवाळीनंतर आणलेली, न फोडलेली.

तेव्हा त्या बोलल्या.

"मी देवाला म्हनले, न्यायचंच आसंल तर मला ने आन करुणाला ठेव. माझं समदं झालंय. तुझ्या हाताला काम हाय. पक्याला तुझ्याबिगर शर्टाचं बटन लावता येत न्हाई."

"आणि गोळ्या का बंद केल्या?"

"एका हातानं दे म्हनायचं आन दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं, हे काय खरं न्हाई. गोळ्या घेत ऱ्हायले तर तो मला नेनार कसा?"

ही बाई दारात कोणी नवसाचं नाव काढलं तर तासभर सुनावते, की आपल्यात नवस नाही, देव काही वाण्याच्या दुकानात बसलेला नाही. आणि हिने सगळ्यात मोठा सौदा करून ठेवला होता, स्वतःच्या जिवाचा, आणि माल वेळेवर पोचावा म्हणून स्वतः हमाली करत होती. ते पांढरं कापड कशासाठी हेही मग मला कळलं. मेल्यावर शवपेटीत नेसवायच्या लुगड्यावरचा ब्लाऊज होता तो. सुनेच्या हातचा हवा होता.

मला राग आला, आणि राग आला की मला पाठ केलेलं सगळं आठवतं. म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना, प्रभूने जीव दिला तो एकदाच, सगळ्यांसाठी, पुरतं झालं, त्यात कोणी भर घालायची नाही म्हणून? आत्याबाई म्हणाल्या, "शिकवलं की. ते पापासाठी. हे तुझ्यासाठी हाय." ते कापड मी उचलून ठेवलं. पुढे त्यातूनच मी माझी नवी मोहरी-कापसाची पिशवी शिवली, मऊ लागतं ते.

कोणाचंच ऐकेनात

त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा तपासली. प्रकाशरावांना त्यांनी असं झापलं की ते शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे. असंच चाललं तर एक दिवस बेशुद्ध होतील आणि मग माझ्या हातात काही नाही, असं स्पष्ट सांगितलं. गोळ्या चालू करा, पोटभर जेवा. आत्याबाई हो हो म्हणाल्या. घरी येऊन गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, आणि संध्याकाळी लुगड्याच्या पदराच्या गाठीत ती गोळी मला सापडली.

पाळकसाहेबांना बोलावलं. तरुण आहेत, लहानपणी आत्याबाईंच्याच हाताखाली वचनं पाठ केलेली. त्यांनी फार मायेने समजावलं की आजी, तारण ही कृपा आहे, ती विकत मिळत नाही आणि तिला वरून काही जोडावं लागत नाही. आत्याबाई म्हणाल्या, साहेब, तुमचं बरोबर हाय, चहा घ्या. मग चहा देता देता त्यांनीच विचारलं, "अब्राहाम आपलं लेकरू बळी द्यायला घिऊन डोंगरावर गेला, तवा त्याला कुनी आडवलं?" साहेब म्हणाले, देवानेच अडवलं, आजी. "मंग मला बी देवच आडवील. तुमी कशाला उन्हातान्हाचे आले?" साहेबांनी चहा संपवला आणि दारात चपला घालताना मला हळूच म्हणाले, माझं काही चालणार नाही, यांनी मला इयत्ता पहिलीत उठाबशा काढायला लावल्यात.

विमलताई अंडी द्यायला आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे रडले. अंडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, मला तुमच्या देवाचं कळत न्हाई, म्हातारीचं कळतंय. तू अशी पडलेली, आन तिला हात बांधून बसवंना. मोठं काय तरी द्यावं वाटलं तिला. तिच्याकडं दुसरं व्हतंच काय? हे ऐकल्यापासून माझा राग गेला, पण भीती दुप्पट झाली. पूर्वी मी मरेन याची भीती होती. आता मी जगेन आणि त्यासाठी त्या मरतील याची वाटायला लागली. देव असले सौदे करत नाही हे मला माहीत होतं. पण साखर करते ना.

गुड फ्रायडेला तीन तासांची उपासना. मला डॉक्टरांनी गर्दीत बसू नको सांगितलेलं, म्हणून मी बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. आत क्रूसावरच्या मरणाची गाणी चालली होती, रक्ताची, अर्पणाची, लहानपणापासून म्हटलेली. त्या दिवशी मला ती म्हणवेनात. खिडकीतून आत्याबाई दिसत होत्या, भिंतीला टेकलेल्या, डोळे मिटलेले. त्या गात होत्या आणि त्यांना दम लागत होता.

शनिवार

ईस्टरच्या पहाटे आमची सगळी मंडळी कबरस्तानात जमते. प्रभू उठला म्हणून आपलीही माणसं उठतील, या आशेची ती उपासना. त्यासाठी आदल्या शनिवारी घरोघरचे लोक येऊन आपापल्या कबरी झाडतात, चुना लावतात, फुलं मांडून ठेवतात.

आम्ही तिघं जीपमधून गेलो. ऊन उतरलं होतं. प्रकाशराव सासऱ्यांच्या कबरीला चुना लावत होते, मी तोंडाला मास्क बांधून बांधावर बसले होते. आत्याबाई गवत उपटत होत्या, दर चार काड्यांनी थांबत होत्या. मग त्या उठल्या, कबरीच्या उजव्या अंगाची मोकळी जागा पायाने साफ केली आणि लेकाला म्हणाल्या, पक्या, हितं. बाभळीच्या मुळ्या लई खोल न्हाईत, उकरायला जड जानार न्हाई.

प्रकाशरावांच्या हातातला कुंचा तसाच राहिला. चुना त्यांच्या पायावर ठिबकत होता.

मी उठले. मला त्या वेळी काय झालं माहीत नाही. मी ओरडलेही नाही, आवाज अगदी साधा निघाला.

"आत्याबाई, उद्या पहाटे आपण इथं कशाला येणार?"

"प्रभू उठला म्हनून."

"आणि तुम्ही उठणार आहात का तिसऱ्या दिवशी?"

मी त्यांच्याजवळ गेले.

"तो उठला, म्हणून त्याने दिलेलं मला घेता येतं. त्याने जीव दिला आणि तो गेलाही नाही, आहे, रोज आपल्या घरी आपण त्याच्याशी बोलतो. तुम्ही द्याल आणि जाल. मग मी बरी होऊन घरी येईन, आणि ओट्यावर कोणी नसेल. पाय कोण चोळणार माझे? टाळी कोण वाजवणार? तुमच्या जिवावर वाचलेली मी, एक घास तरी उतरेल का माझ्या गळ्याखाली? मला तारणारा आहे, आत्याबाई. मला सासू पाहिजे."

प्रकाशरावांनी कुंचा टाकून मला धरलं. आत्याबाई सासऱ्यांच्या कबरीच्या काठावर बसल्या, ओल्या चुन्यावरच, लुगड्याला पांढरा पट्टा उमटला. तिथूनच म्हणाल्या, "मी शब्द दिलाय गं त्याला."

"मग परत घ्या."

"देवाला दिलेला शब्द परत कसा घेयाचा?"

"दिला तसाच. बोलून."

परतताना जीपमध्ये त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

प्रार्थना

संध्याकाळी नेहमीसारखे आम्ही तिघं चटईवर बसलो. प्रकाशरावांनी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं, वाचताना ते दोनदा अडखळले. मग प्रार्थना. आमच्यात शेवटची प्रार्थना घरातल्या मोठ्या माणसाची असते. बाहेर विमलताईंच्या कोंबड्या खुराड्यात शिरताना भांडत होत्या, तेवढाच आवाज.

मग आत्याबाई मोठ्याने बोलल्या. एवढे महिने त्या नुसते ओठ हलवत होत्या, त्या दिवशी आम्हा दोघांना ऐकू येईल असं बोलल्या.

"बापा, दिवाळीपासून मी तुला एक म्हनत आले. तुझ्या ध्यानात असंल. ते मी आज परत घेते. तुझ्या लेकानं दिलं ते कमी पडलं, असं माझ्या मनात न्हवतं. पोरगी पडली व्हती आन मला नुसतं बसवत न्हवतं, म्हनून बोलले. म्हातारीचं मनावर घेऊ नको. करुणाला ठेव. आन मला बी ठेव, जमंल तवर, तिला मी पायजे म्हनती. ती गेली तर मी तुझ्याशी लई भांडनार हाय, ते आत्ताच सांगते. पर सौदा न्हाई. तुझ्या लेकाच्या नावानं मागते, आमेन."

मला आमेन म्हणायला जमलं नाही. प्रकाशरावांनी म्हटलं, आमच्या दोघांचं मिळून.

आत्याबाईंनी डोळे उघडले नव्हते. तसेच मिटलेले ठेवून त्यांनी दोन्ही हात, एकावर एक, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेताना धरतात तसे, माझ्यापुढे धरले. मी पाकीट फोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.